नव्या घरातला हीट पंप आणि तरीही गार खोल्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः अशा घरांसाठी आहेत जिथे बाहेरच्या हवेतून ऊब ओढणारा हीट पंप पाणी तापवतो आणि ते पाणी फरशीखालच्या नळ्यांतून किंवा रेडिएटरमधून फिरतं. थेट गरम हवा सोडणाऱ्या आणि जमिनीतून ऊब घेणाऱ्या यंत्रणांबद्दल शेवटाकडे थोडंसं आहे.

घर नवं, मशीन नवं, मग घर तापत का नाही?

बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं. एकतर त्याने तयार केलेली ऊब खोलीपर्यंत पोचत नाही, नाहीतर त्याला सांगितलेलंच चुकीचं असतं. नव्या घराच्या बांधकामात हीटिंगचं शेवटचं काम (सर्किटं म्हणजे प्रत्येक खोलीच्या नळ्यांचे फेरे पाण्याने भरणं, हवा काढणं, प्रत्येक खोलीचा फ्लो म्हणजे पाण्याचा प्रवाह जुळवणं, कंट्रोलरमध्ये आकडे टाकणं) नेमकं घाईच्या दिवसांत येतं. रंगारी अजून आत असतात, वीज तात्पुरती असते आणि बसवणाऱ्याला पुढच्या साइटवर जायचं असतं. मशीन चालू झालं, एक नळी हाताला कोमट लागली, की काम पूर्ण झाल्याची सही होते. घराचा ताबा उन्हाळ्यात मिळाला असेल तर चूक उघडी पडायला पहिली थंडी यावी लागते.

म्हणून माझा तपासण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी पाणी, मग तापमानाची सेटिंग, मग थर्मोस्टॅट आणि हीटर, मग घर, आणि सगळ्यात शेवटी मशीन. लोक नेमके उलट्या टोकाने सुरू करतात.

खरंच बिघाड आहे की मलाच तसं वाटतंय?

बॉयलरची सवय असलेल्या माणसाला हीट पंप नेहमीच आजारी वाटतो. बॉयलर ६५-७० अंशांचं पाणी सोडतो, अर्ध्या तासात रेडिएटर चटका देतो आणि मग थांबतो. हीट पंप ३०-४० अंशांचं पाणी दिवसभर शांतपणे फिरवत राहतो. रेडिएटर जेमतेम कोमट आणि मशीन रात्रंदिवस चालू, ही त्याची धडधाकट अवस्था आहे.

एकच गोष्ट बघा: खोलीतलं थर्मामीटर. २० अंश मागितले आणि २० मिळताहेत, तर रेडिएटर हाताला कसा लागतो याला महत्त्व नाही. मिळत नसतील तर कधी मिळत नाहीत ते लिहून ठेवा. बाहेर ८-१० अंश असतानाही घर गार राहत असेल तर मशीन लहान पडतंय हे कारण जवळपास बाद होतं. पाणी किंवा कंट्रोल यांतच घोळ आहे. फक्त कडाक्याच्या दोन-चार दिवसांतच एखाद-दोन अंश कमी पडत असतील तर कर्व्ह (बाहेरच्या गारठ्यानुसार पाण्याचं तापमान ठरवणारं सेटिंग) किंवा मशीनची क्षमता बघायची.

फरशीखाली हीटिंग आहे, पण पाय ठेवला तर फरशी गारच लागते. का?

कारण घर चांगलं बांधलंय. फरशी खोलीपेक्षा जितके अंश गरम, तितके गुणिले साधारण ११ वॉट ऊब प्रत्येक चौरस मीटरमधून वर येते. चांगलं इन्सुलेशन असलेल्या घराला थंडीतही चौरस मीटरला ३० वॉटच्या आसपास पुरतात. म्हणजे २० अंशांच्या खोलीत फरशी २३ अंशांच्याही आतच असते. तळपायाची त्वचा त्याहून गरम, त्यामुळे फरशी गार लागणार आणि तरीही खोली उबदार राहणार.

मात्र वर जाड गालिचा किंवा जाड लाकूड टाकलं असेल तर गोष्ट वेगळी. फरशीखालच्या हीटिंगच्या युरोपीय मानकात वरच्या थराचा उष्णतारोध (ऊब अडवण्याची ताकद) ०.१५ चौरस मीटर-केल्विन प्रति वॉटपर्यंतच धरलेला आहे. घर ताब्यात घेतल्यावर हौसेने टाकलेला गालिचा डिझायनरच्या हिशेबात नसतो.

मेकॅनिकला बोलावण्याआधी मी स्वतः काय मोजू?

चार-पाच आकडे. यांतले बहुतेक कंट्रोलरच्या माहिती मेनूत सापडतात, आणि एवढ्याने निम्मं निदान होतं.

पहिला आकडा जाणाऱ्या पाण्याच्या तापमानाचा, दुसरा परतणाऱ्या पाण्याचा. मशीन निदान अर्धा तास सलग चाललेलं असताना बघा. सुरू होताच किंवा बर्फ वितळवताना घेतलेले आकडे फसवतात. तिसरा फ्लो, लिटर प्रति मिनिटात. चौथा बाहेरचं तापमान, तेही कंट्रोलरला *दिसणारं*. ते खऱ्या थर्मामीटरशी ताडून बघा. बाहेरचा सेन्सर दुपारच्या उन्हात किंवा एक्झॉस्टच्या तोंडाशी बसवला असेल तर बाहेर ३ अंश असताना कंट्रोलरला ११ दिसतात आणि तो बिचारा त्या हिशेबाने पाणी कोमट ठेवतो.

आता हे सूत्र वहीत लिहून ठेवा: फ्लो गुणिले तापमानातला फरक गुणिले ०.०७ म्हणजे घराला मिळणारे किलोवॉट. मिनिटाला १८ लिटर आणि ५ अंशांचा फरक असेल तर ६.३ किलोवॉट. पाण्यात अँटिफ्रीझ असेल तर थोडं कमी धरा. हा आकडा मशीनच्या पाटीवर लिहिलेल्या क्षमतेच्या आसपास असेल तर मशीन निर्दोष सुटलं.

पाचवा आकडा विजेचा. हीट पंपाला वेगळा मीटर असेल तर रोज एकाच वेळी वाचन लिहा. कंट्रोलर दिवसाची तयार झालेली उष्णताही दाखवत असेल तर तिला विजेने भागा: ६३ युनिट ऊब, १८ युनिट वीज, म्हणजे सीओपी (एका युनिट विजेतून मिळणारी ऊब) ३.५. बऱ्याच मशीनमधला उष्णतेचा आकडा मोजलेला नसून अंदाजाने काढलेला असतो. त्यामुळे ३.४ आणि ३.६ वरून वाद घालू नका, पण १.८ दिसला तर लगेच कामाला लागा.

फ्लो कमी निघाला. आता?

नव्या घरात सगळ्यात जास्त सापडणारा दोष हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझ्याच घराचं उदाहरण. पहिल्या थंडीत बैठकीची खोली ठीक होती, पण शेवटची बेडरूम साडेसतरा अंशांच्या वर सरकेना. बसवणाऱ्याने दोनदा येऊन दोन्ही वेळा पाण्याचं तापमान वाढवून दिलं. बिल वाढलं, बेडरूम तशीच. शेवटी मी आकडे लिहायला बसलो: जाणारं पाणी ३८, परतणारं २७, फ्लो मिनिटाला ७ लिटर. ११ अंशांचा फरक म्हणजे पाणी नळ्यांतून रांगत होतं. वाटेतच सगळी ऊब देऊन शेवटच्या खोलीत पोचेपर्यंत ते गार होत होतं. पाण्याचा पंप बंद करून, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह मिटून गाळणी उघडली, तर जाळी दिसेचना. नळ्या कापताना पडलेला प्लास्टिकचा पांढरा भुगा, सीलिंगच्या धाग्याचे पुंजके, आणि त्यावर गाळणीतल्या चुंबकाला चिकटलेला काळा, शाईसारखा गाळ. जाळी नळाखाली धुऊन परत बसवली तर फ्लो १८ वर गेला आणि परतणारं पाणी ३३ वर आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेडरूम २० अंशांवर होती. मशीनला कोणी हातही लावला नव्हता.

हवेवरच्या हीट पंपासाठी जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात ५ अंशांच्या आसपास फरक योग्य मानतात. ८-१० च्या वर गेला तर फ्लो अडतोय. गाळणी हा पहिला संशयित, आणि नव्या घरात ती पहिल्या दोन-तीन महिन्यांतच उघडायची असते. वर्षाच्या सर्व्हिसची वाट बघायची नाही. दुसरा संशयित अडकलेली हवा: नळ्यांत खळखळ, एखादं सर्किट पूर्ण गार, दर थोड्या दिवसांनी उतरणारा प्रेशर. तिसरा म्हणजे अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह. हसू नका, तिरका राहिलेला दांडा मी दोन घरांत बघितलाय. चौथा, पाण्याचा पंप सगळ्यात कमी वेगावर राहिलेला. गाळणी साफ करणं जमणार नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या, पण करून घेताना समोर उभे राहा आणि आधीचा-नंतरचा फ्लो लिहा.

प्रेशर किती असावा?

यंत्रणा गार असताना साधारण १ ते १.५ बार. सारखा उतरत असेल तर कुठेतरी गळतंय किंवा अजून हवा निघतेय. तापल्यावर ३ कडे धावत असेल तर एक्स्पान्शन टाकीतली (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली) हवा गेली आहे. दर आठवड्याला नुसतं पाणी भरत राहणं हा उपाय नाही. ताजं पाणी ताजा ऑक्सिजन आणतं आणि मग तोच काळा गाळ.

एक-दोनच खोल्या गार आहेत, बाकी घर छान. म्हणजे?

म्हणजे मशीन बाजूला ठेवा आणि मॅनिफोल्डपाशी, म्हणजे जिथून सगळ्या खोल्यांच्या नळ्या फुटतात तिथे, जा. प्रत्येक सर्किटवर फ्लो दाखवणारी छोटी काचेची नळी असते. सगळ्या सर्किटांवर एकच आकडा असेल तर जुळवणी झालेलीच नाही. लांब सर्किटाला जास्त पाणी लागतं, लहानाला कमी. आणि पाणी आळशी, ते सोप्या वाटेने जातं. बाथरूमचं २० मीटरचं सर्किट सताड उघडं असेल तर कोपऱ्यातल्या बेडरूमचं ९० मीटरचं उपाशी राहणारच. १६ मिलिमीटरच्या नळीत १०० मीटरच्या पुढे सर्किट नेऊ नये असा संकेत आहे, पण नकाशावरचं ९५ जागेवर ११५ झालेलं असू शकतं.

गरम खोल्यांचा फ्लो थोडा कमी करा, गार खोलीचा पूर्ण उघडा, आणि एक दिवस थांबा. फरशीतल्या काँक्रीटला सावकाश जाग येते. तासाभराने परत जाऊन पिळलंत तर काय बदललं ते कधीच कळणार नाही.

काही घरांत अॅक्च्युएटरच्या (थर्मोस्टॅटच्या सांगण्यावरून सर्किट उघडणाऱ्या, मॅनिफोल्डवरच्या टोप्यांच्या) वायरी अदलाबदल झालेल्या सापडतात: मुलांच्या खोलीचा थर्मोस्टॅट अभ्यासिकेचं सर्किट उघडतो. एक थर्मोस्टॅट पूर्ण वर करून दहा मिनिटांनी कुठली टोपी वर आली ते बघा. सगळं घर असं तपासायला एक निवांत दुपार पुरते.

कर्व्ह म्हणजे काय, आणि तो कसा लावायचा?

बाहेर जितकं गार, तितकं पाणी जास्त गरम, हे कंट्रोलरला सांगणारी रेषा म्हणजे हीटिंग कर्व्ह. बाहेर १० असताना २८ अंशांचं पाणी, उणे ५ असताना ३६ अंशांचं, असं काहीतरी. हीट पंपाच्या बाबतीत एवढं महत्त्वाचं दुसरं सेटिंग नाही, आणि सगळ्यात दुर्लक्षितही तेच.

कारण भौतिकशास्त्रातलं आहे. मशीनला ऊब जितकी उंच चढवावी लागते तितकी वीज जास्त. बाहेर ० अंश असताना ३५ अंशांचं पाणी बनवायची आदर्श मर्यादा म्हणजे खर्चलेल्या विजेच्या ८.८ पट ऊब, ५० अंशांच्या पाण्याची साधारण ६.५ पट. खरं मशीन या मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास पोचतं, पण तुलना तशीच राहते: १५ अंश चढवले की पाव टक्का नव्हे, चांगला पाव हिस्सा गमावला. दर अंशामागे दोन-अडीच टक्के. घर तापत नाही म्हणून कोणी नुसतंच पाणी ५० वर नेऊन ठेवलं असेल तर आजार तसाच राहतो, ताप मात्र बिलाला येतो.

लावायची रीत अशी. खोल्यांचे थर्मोस्टॅट दोन-तीन दिवस पूर्ण उघडे ठेवा, म्हणजे ते मध्ये लुडबुड करणार नाहीत. घर जास्त गरम झालं तर कर्व्ह एक पायरी खाली, गार राहिलं तर वर. सौम्य हवेत ठीक पण कडक थंडीत कमी पडत असेल तर उतार वाढवायचा. सगळ्याच हवेत सारखंच कमी पडत असेल तर पूर्ण रेषा वर सरकवायची. प्रत्येक बदलानंतर दीड-दोन दिवस थांबायचं. ज्यांना हे जमतं त्यांची तक्रार दोन आठवड्यांत मिटते. ज्यांना धीर नाही त्यांची पुढच्या थंडीतही तीच असते.

रात्री तापमान कमी करून वीज वाचवू का?

फरशीखालचं हीटिंग असेल तर सहसा नको. रात्री ४ अंश उतरवलं तर पहाटे, बाहेर सगळ्यात जास्त गारठा असताना, मशीनला ते भरून काढायला धावावं लागतं. अनेक कंट्रोलर अशा वेळी घाबरून आतला इलेक्ट्रिक हीटर लावतात. एखाद-दोन अंशांचा उतार चालेल.

घर तापतंय, पण बिल अवाच्या सवा येतंय. कुठे बघू?

बॅकअप हीटरच्या तासांकडे. बहुतेक मशीनच्या आत मदतीला इलेक्ट्रिक कॉइल असते. ती एका युनिट विजेतून एकच युनिट ऊब देते, हीट पंप तीन-चार देतो. कंट्रोलरमध्ये कॉम्प्रेसरचे तास आणि हीटरचे तास वेगळे दिसतात. ३ किलोवॉटची कॉइल रोज ५ तास चालली तर १५ युनिट तिथेच गेली.

ती विनाकारण चालण्याची कारणं नेहमीचीच. बांधकामाच्या वेळी स्क्रीड (नळ्यांवर ओतलेला सिमेंटचा थर) सुकवायला लावलेला प्रोग्रॅम किंवा इमर्जन्सी मोड बंद करायचा राहिला. हीटर कोणत्या बाहेरच्या तापमानाखाली चालू व्हावा तो आकडा कारखान्यातला तसाच राहिला. गरम पाण्याच्या टाकीचं तापमान कॉम्प्रेसरच्या आवाक्याबाहेर ठेवलं. किंवा आठवड्यातून एकदा जंतू मारण्यासाठी पाणी ६० अंशांवर न्यायचा कार्यक्रम चुकून रोजचा झाला. तो कार्यक्रम पूर्ण बंद मात्र करू नका, पाण्यात वाढणारा लिजिओनेला हा जंतू चेष्टेचा विषय नाही.

बाहेरच्या युनिटवर बर्फ जमतो आणि मग वाफेचे लोट येतात. बिघडलंय का?

नाही, हे डीफ्रॉस्ट. बाहेरच्या कॉइलचं तापमान हवेपेक्षा खाली असतं, त्यावर दव जमून पांढरं होतं, आणि मशीन काही मिनिटं उलटं फिरून घरातलीच थोडी ऊब वापरून ते वितळवतं. तेव्हा पंखा थांबतो, फुसकारा ऐकू येतो, धुकं उठतं, खालून पाणी वाहतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला आग लागल्यासारखं वाटतं.

गंमत अशी की कोरड्या कडाक्यापेक्षा ०-३ अंशांची दमट हवा जास्त त्रास देते. उणे १० अंशांच्या हवेत मुळात बाष्पच कमी असतं. त्यामुळे दमट दिवसांत तासाला एकदा डीफ्रॉस्ट झालं तरी काळजी नको. दर वीस मिनिटांनी होत असेल तर मात्र बघा: कॉइलमध्ये पानं अडकलीत का, युनिट भिंतीला चिकटवलंय का, त्याने फेकलेली गार हवा समोरच्या कुंपणावर आपटून परत त्याच्याच तोंडात जातेय का. युनिट दिसू नये म्हणून भोवती लावलेली सुबक लाकडी पेटी हा मशीनचा गळा दाबण्याचा सगळ्यात प्रतिष्ठित मार्ग आहे.

संपूर्ण युनिट बर्फाच्या ढेकळात गाडलं गेलं असेल आणि तो बर्फ तासन्‌तास तसाच असेल तर तो बिघाड आहे. पेचकसने खरवडू नका, पत्रे नाजूक असतात. मशीन बंद करा आणि फोन करा. खालचं पाणी निघायची वाट गोठली असेल तर तोही बर्फ वर चढत जातो.

गॅस कमी झाला असेल का?

हा प्रश्न सगळे पहिला विचारतात, म्हणून मुद्दाम इथे ठेवला. हीट पंपातला गॅस पेट्रोलसारखा वापरला जात नाही. तो बंद चक्रात फिरतो. कमी झाला असेल तर तो गळलाय, आणि गळती न शोधता नुसता भरून देणारा माणूस परत येणार हे नक्की. खूण अशी: फ्लो चांगला, तरी जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात फरक जेमतेम १-२ अंश, कॉम्प्रेसर जोरात चालतोय, आणि बाहेरच्या कॉइलचा एकच पट्टा पांढरा तर बाकीचा कोरडा. हे काम परवानाधारक तंत्रज्ञाचंच. या मशीनमध्ये भरल्या जाणाऱ्या गॅसांपैकी आर-३२ मंद का होईना जळतो, आणि आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन.

मशीन सारखं चालू-बंद होतं. हे चांगलं की वाईट?

वाईट. तासाला सहा-आठ वेळा सुरू होत असेल तर कॉम्प्रेसर झिजतो आणि सीओपी घसरतो. नव्या घरांत हे विशेष दिसतं, कारण घराला सौम्य दिवशी २ किलोवॉट पुरतात आणि मशीन कितीही हळू चाललं तरी ३ च्या खाली उतरू शकत नाही. “थोडं मोठंच घ्या, पुढे उपयोगी पडेल” या सल्ल्याचं हे फळ.

मशीन बदलता येत नसेल तरी बरंच करता येतं. कर्व्ह खाली आणा. प्रत्येक खोलीच्या थर्मोस्टॅटने सर्किट बंद करण्याचा खेळ थांबवा. सगळ्या खोल्या बंद आणि एकट्या बाथरूमची मागणी, अशा वेळी मशीनला ऊब टाकायला जागाच नसते. मुख्य खोल्यांची सर्किटं कायम उघडी ठेवून कर्व्हनेच तापमान सांभाळा. सुरू आणि बंद होण्याच्या तापमानांतलं अंतर सेटिंगमध्ये वाढवा.

मध्ये बफर टाकी आहे. ती मदत करते की अडथळा?

दोन्ही. बफर म्हणजे मशीन आणि घर यांच्यामध्ये गरम पाणी साठवणारी टाकी. तिच्या एका बाजूला मशीनचा पंप, दुसऱ्या बाजूला घराचा. घराचा पंप जास्त पाणी ओढत असेल तर परतीचं गार पाणी टाकीतच गरम पाण्यात मिसळतं. मशीन मिनिटाला १५ लिटर ४० अंशांचं देतंय, घर २५ लिटर ओढतंय आणि ३१ अंशांचं परत पाठवतंय, तर फरशीला ३६.४ च मिळतात. तुम्ही वीज ४० अंशांची मोजता आणि ऊब ३६ ची घेता. मशीनमधून निघणाऱ्या आणि मॅनिफोल्डला पोचणाऱ्या पाण्यात एक अंशापेक्षा जास्त फरक असेल तर दोन्ही पंपांचे वेग जुळवून घ्या.

आंघोळीचं पाणी तापत असताना घर गार पडतं. हे चालायचंच का?

थोडा वेळ, हो. २०० लिटर पाणी १० वरून ५० अंशांवर न्यायला सुमारे ९.३ युनिट उष्णता लागते. ६ किलोवॉटचं मशीन दीड तास त्यातच गुंततं. चांगल्या घराला तेवढ्याने फरक पडत नाही. पडत असेल तर तीन-तोंडी व्हॉल्व्ह (पाणी घराकडे की टाकीकडे हे ठरवणारा) तपासा. तो मध्येच अडकला की गरम पाण्याचा काही भाग सतत टाकीकडे पळतो. नुसतं हीटिंग चालू असताना टाकीकडे जाणाऱ्या नळीला हात लावून बघा. ती गरम असायचं कारण नाही.

पहिल्या वर्षी जास्त वीज लागते असं बसवणारा म्हणतो. थाप का?

या बाबतीत तो खरं बोलतोय. काँक्रीट, स्क्रीड, प्लास्टर यांत हजारो लिटर पाणी अडकलेलं असतं आणि ते सुकायला एक-दोन वर्षं जातात. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळजवळ ०.६८ युनिट उष्णता लागते, आणि ती वाफ बाहेर घालवायला हवा खेळती ठेवावी लागते. ओली भिंत इन्सुलेशन म्हणूनही कमकुवत. पण ही सबब पहिल्या एक-दोन थंड्यांपुरतीच. तिसऱ्या वर्षीही तेच उत्तर मिळालं तर ऐकून घेऊ नका.

दोष घराचाच असू शकतो का?

असू शकतो. कागदावर इन्सुलेशन आहे पण माळ्याच्या कोपऱ्यात टाकायचंच राहिलं, खिडकीच्या चौकटीभोवती फट राहिली, हे नव्या घरांतही सापडतं. बाहेर कडक थंडी असताना भाड्याने आणलेला थर्मल कॅमेरा एका संध्याकाळी बरंच सांगून जातो. त्याहून पक्कं हवं तर ५० पास्कल दाबाची हवाबंदपणाची चाचणी. ऊब परत मिळवणारं व्हेंटिलेशन असेल तर त्याचे फिल्टर आणि उन्हाळी बायपास (उन्हाळ्यात ऊब परत न घेता हवा सरळ आत सोडणारी वाट) बघा. बायपास उघडा अडकला तर थंडीभर गार हवा सरळ आत येत राहते, आणि शिव्या हीट पंपाला बसतात.

मशीन खरंच लहान पडलं असेल तर कसं ओळखायचं?

सगळ्यात थंड दिवशी ते पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालतंय, फ्लो बरोबर आहे, डीफ्रॉस्ट बेताचं आहे, तरी खोली उतरतेय. हे सगळं एकाच वेळी खरं असेल तरच. पाटीवरचे किलोवॉट बहुधा बाहेर ७ अंश आणि पाणी ३५ अंश धरून लिहिलेले असतात. उणे ७ ला तेच मशीन बरंच कमी देऊ शकतं. बसवणाऱ्याकडे खोलीनिहाय उष्णताहानीचा हिशेब मागा. “चौरस फुटांवरून काढलं” हे उत्तर आलं तर हिशेब झालेलाच नाही.

आमच्याकडे पाणी नाही, डक्टमधून गरम हवा येते. तिथे काय बघायचं?

फ्लोच, फक्त हवेचा. फिल्टर, बंद केलेल्या जाळ्या, माळ्यावर सुटलेला डक्टचा जोड. झरोक्यातली हवा ३५ अंशांची असली तर ती हाताला गारच वाटते, म्हणून हातावर भरवसा ठेवू नका. आत येणारी आणि बाहेर पडणारी हवा थर्मामीटरने मोजा. गार पडतंय म्हणून नको असलेल्या खोल्यांच्या जाळ्या बंद करणं ही सगळ्यात महागडी बचत.

जमिनीतून ऊब घेणारा असेल तर?

जमिनीकडून येणाऱ्या द्रवाचं तापमान थंडीभर लिहित राहा. ते हळूहळू उतरणं नैसर्गिक आहे. शून्याच्या बरंच खाली जाऊन वसंतातही वर येत नसेल तर जमिनीतली नळी तोकडी पडतेय, किंवा तिथेही गाळणी आणि हवा हेच जुने पाहुणे आहेत. बाकी सगळं वर लिहिल्यासारखंच.

मेकॅनिकशी काय बोलू, म्हणजे तो नुसता रीसेट मारून जाणार नाही?

“घर गार आहे” असं म्हणू नका. म्हणा: “बाहेर ४ अंश, जाणारं पाणी ३६, परतणारं ३४, फ्लो २० लिटर, हीटर गेल्या आठवड्यात ११ तास चालला, गाळणी मागच्या महिन्यात धुतली.” मशीन चालू ठेवून त्याच्यासमोर हेच आकडे परत घ्या. जाताना काय काय बदललं ते कंट्रोलरच्या दाराच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून घ्या. जुने आकडेही लिहा, म्हणजे उलट फिरायची वेळ आली तर वाट माहीत असेल. आणि त्याने गाळणी उघडली तर आत काय निघालं त्याचा फोटो काढून ठेवा.